दहापैकी तीन

प्रिय ताईस, तुझ्या भटक्या भावाचा नमस्कार.

तीन आठवडे पत्र टाळलं, हे आधीच कबूल करतो. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं. आताही खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय, कारण बसलं की दहा मिनिटांत कंबर बोंबलते. समोरच्या गच्चीवर एकजण वाकून वाकून गादी झोडपतोय. त्याच्या पाठीचा मला हेवा वाटतो. असो.

जेवतो वेळेवर, काळजी करू नकोस. आईचे गुडघे कसे आहेत?

चीड येते ती माझीच. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारतात, "दुखणं दहापैकी किती?" असतं आठ, तोंडातून निघतं तीन. "बरं आहे" म्हणायची आपल्या घरची सवय! परवा त्या खूश होऊन म्हणाल्या, "छान, आता व्यायामाचा वर्ग बंद करू." मी बावळटासारखी मान डोलावली. त्या वर्गामुळेच तर जरा झोप लागत होती. आता दुखण्यापेक्षा त्याची धास्तीच जास्त खाते. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. गोदामातला मुकादम तर सगळ्यांसमोर म्हणतो, "काम दिसलं की बरी कंबर दुखते तुझी!"

उद्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगायचंय, पण जीभ पुन्हा दगा देईल.

थांब, दार वाजलं.

ताई, मुकादम आलाय! माझ्या खोलीतल्या जोडीदाराने, त्या एकट्यालाच हे ठाऊक होतं, त्याला सगळं सांगितलंय. म्हणतो, "कामचोर समजत होतो तुला, तू तर नुसता भिडस्त निघालास. उद्या डॉक्टरीणबाईंकडे मीही तुझ्याबरोबर आत येऊन बसणार."

तुझा, उभ्याउभ्याच,
धाकटा