सगळ्यांची घरं नव्या डिस्कवर

३ नोव्हेंबर, सोमवार
धाकट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. सर्व्हरची डिस्क भरली आहे, कामं अडतात. नवी डिस्क आणून ठेवली आहे, जुनीच्या चौपट. म्हणाले, काका, सगळ्यांचे होम फोल्डर, म्हणजे सर्व्हरवरची ज्याची त्याची घरं, तिच्यावर हलवा. महिनाअखेरीपर्यंत झालं पाहिजे. जमत नसेल तर आत्ताच सांगा, बाहेरचा माणूस आणतो. मी नुसता हसलो. ह्या वजनकाट्यांच्या कारखान्यात मी मुळात स्टोअरचा माणूस. जुना इंजिनिअर सोडून गेला तेव्हा सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून सर्व्हर माझ्याकडे आला. तेव्हापासून त्या खोलीत कोणी चप्पल घालून आलेलं नाही.
निघताना मालक म्हणाले, हे नीट झालं तर तुमचं पुढच्या वर्षीचं बघू. म्हणजे नोकरीला मुदतवाढ पक्की.
छातीत जरा धडधडलं. चहामुळे. उद्यापासून चहा बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार
चहा घेतला. थंडी होती.
घरी मुलाने पुन्हा तोच विषय काढला. बाबा, पुढची खोली हवी आहे, हिला शिकवणी सुरू करायची आहे, तुम्ही मागच्या खोलीत या ना. सूनबाई म्हणाली, मागे शांतता असते हो. शांतता हवी असती तर ही नोकरी केली असती का? माझं सामान मागे मावणार नाही हेही सांगितलं. मुलगा म्हणाला, सामान कसलं, मोबाइल गेले आणि चार्जर तेवढे राहिले आहेत. मोबाइल परत आला तर काय करशील, असं विचारलं.
एकदा मुदतवाढ मिळू दे. कमावत्या माणसाची खाट कोण हलवतो बघू.

६ नोव्हेंबर, गुरुवार
डिस्क भरली कोणी, ह्याचा छडा लावला. ड्रॉइंग खात्याने. त्यांना चांगलं झापलं. ते म्हणतात, काका, आम्ही त्या फोल्डरात कित्येक वर्षं डोकावलेलोही नाही. चोर कधी कबूल करतो का?
अकाउंटंट बाई मध्येच म्हणाल्या, काका, एकदा स्वतःचंही घर बघा की. माझ्या घरात काय बघायचं? तिथे फक्त खबरदारी आहे. दरवर्षी मी सगळ्यांच्या फोल्डरांची एक कॉपी माझ्या फोल्डरात ठेवतो. ह्या वर्षीच्या कॉपीत गेल्या वर्षीची आपोआप येते, तिच्यात त्याच्या आधीची. खबरदारी दरवर्षी दुप्पट होत जाते. हे कोणी शिकवलेलं नाही, माझं मला सुचलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
इंटरनेटवरून कृती छापून घेतली. निश्चय केला की पूर्ण वाचल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.
अर्धी वाचली. कॉपी करताना कमांडपुढे a अक्षर लिहा म्हणे. आमचा इंजिनिअर कायम r लिहायचा आणि त्याचं कधी काही अडलं नाही. हल्लीची फॅशन.
हलवण्याआधी खबरदारी म्हणून आणखी एक कॉपी माझ्या फोल्डरात घ्यायला लावली. निम्म्यावर डिस्क गच्च भरली. अकाउंटंट बाईंचं बिल सेव्ह होईना. तरातरा आल्या, चपलांसकट. म्हणाल्या, काका, मी मंगळवारपर्यंत रजेवर चालले आहे, आल्यावर हे धड दिसू दे. बाई हुशार आहेत, पण जिभेला हाड नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
कारखाना बंद. कोणाची लुडबुड नको म्हणून आजच हलवली सगळी घरं. दिवसभर पडद्यावर अक्षरं वर सरकत होती आणि मी बघत होतो. मुलाचे दोनदा फोन आले, घेतले नाहीत. ऑपरेशन चालू असताना सर्जन फोन घेतो का?
संध्याकाळी जुन्या डिस्कच्या जागी नवी जोडली. मग एकेक घर उघडून बघितलं. सगळी उघडली. फाइल कोणाच्या मालकीची त्या रकान्यात सगळीकडे रूट, रूट, रूट. रूट म्हणजे सर्व्हरवरचा सर्वेसर्वा, म्हणजे मी. वाचायला बरं वाटलं.
घरी आलो तर पुढच्या खोलीत माझी खाट नाही. मागे नेली. मुलगा म्हणाला, बाबा, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते विचारायला फोन केले होते, तुम्ही उचलले नाहीत. मग? मग टाकलं.
चार्जरसुद्धा.

१० नोव्हेंबर, सोमवार
दिवसभर एकही फोन नाही. ड्रॉइंगवाले नाहीत, विक्रीवाले नाहीत. तक्रार नाही म्हणजे काम चोख. मालकांना जाऊन सांगितलं. ते वा म्हणाले. पुढच्या वर्षीचं मी मुद्दाम काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही. मोठी माणसं अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बाई रजेवरून आल्या आणि कटकट सुरू झाली. त्यांचं घर उघडत नाही. परवानगी नाही, असं येतं. म्हणाल्या, माझ्याच घरात शिरायला मला कोणाची परवानगी? मी म्हटलं, पासवर्ड चुकला असेल. म्हणाल्या, पासवर्ड घेतो हो सर्व्हर, दार उघडत नाही. मी माझ्या खुर्चीवरून उघडून दाखवलं. लगेच उघडलं. म्हणजे दोष त्यांचा, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं.
त्या तडक मालकांकडे गेल्या. कामगारांचे पगार त्यांच्या फोल्डरात आहेत म्हणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बाहेरचा माणूस आला. जाड चष्मा, पायात बूट. थेट आत. मी पायांकडे बघत राहिलो, त्याला कळलं नाही.
विचारलं, काका, कॉपी करताना a लिहून मालकी जपली नाहीत का? सगळ्या फाइली रूटच्या नावावर झाल्या आहेत, ज्याची त्याला उघडत नाही. मी म्हटलं, कोणाच्या तरी नावावर आहेत ना? तो हसला नाही. जुनी डिस्क पुन्हा जोडली. बाईंचं घर उघडलं.
तेवढ्यावर गेला असता तर बरं होतं. त्याने कोणाचं घर किती मोठं ते बघितलं आणि मालकांना बोलावलं. म्हणाला, बाईंचं सोडलं तर इथे कोणी राहतच नाही, सगळ्यांची कामं केव्हाच इंटरनेटवर गेली. ही घरं रिकामी आहेत. डिस्क भरली आहे ती एका फोल्डराने.
माझा फोल्डर उघडला. त्यात सगळ्यांची घरं. त्यांत माझं घर. त्यात पुन्हा सगळ्यांची. तो उघडत गेला, मालक हसत गेले. मग हसायचे थांबले. ते थांबणं मला आवडलं नाही.
मालकांनी विचारलं, हे काढून टाकलं तर? तो म्हणाला, तर नवी डिस्क लागतच नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काढून टाकलं. इतक्या वर्षांची खबरदारी, बाईंचा चहा संपायच्या आत गेली.
किल्ली दिली. मालक म्हणाले, काका, खूप केलंत, आता आराम करा. दुकानदार फोडलेलं खोकं परत घेईना, म्हणून नवी डिस्क मलाच दिली, आठवण म्हणून.
बाईंनी पाणी आणून दिलं. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर चाललं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मागच्या खोलीत खरंच शांतता आहे. पुढून सूनबाईच्या शिकवणीतले पाढे ऐकू येतात, तेवढंच.
उशाशी डिस्क ठेवली आहे. सूनबाईने विचारलं, हे काय? म्हटलं, ह्यात अख्खा कारखाना मावतो. म्हणाली, बरं, पण पसाऱ्यात हरवू नका. पसारा! खोलीत खाट, मी आणि ते खोकं.
सर्व्हर कसा आहे ते विचारायला सकाळी कारखान्यात फोन केला. कोणी उचलला नाही. दुपारी केला, तेव्हाही नाही.
म्हणजे काही तक्रार नसणार.