न शिकवण्याची किंमत

राजारामपुरी, कोल्हापूर
बुधवार, दुपार (घरातले झोपलेत)

तीर्थरूप आक्का,

धाकट्या वर्षाराणीचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्या-उभ्याच पोचता करून घे. खोकला कसा आहे? तुमच्या गगनबावड्याच्या पावसात तो जायचा नाही हे मला माहीत आहे, तरी विचारायची रीत आहे. दाजींची शुगर? त्यांना म्हणावं, चहात साखर घातली नाही म्हणून सोबतचे पेढे माफ होत नाहीत. फोन सोडून ही बया पत्र का लिहायला लागली, असं तुला वाटेल. एक तर पाऊस लागला की तुमच्याकडची रेंज जाते, आणि रेंज असली की तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मध्येच "ते राहू दे, आधी माझं ऐक" म्हणता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

बातमी अशी, की मी ड्रायव्हिंग स्कूल विकलं. खाली बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

झालं असं. आमचे हे (आता नाव घेऊनच लिहिते, नाहीतर पानभर 'हे' आणि 'ह्यांनी' वाचून तुला वाटेल घरात चार पुरुष आहेत), तर विजयसिंह, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झाले. तिथं ते सुपरवायझर होते आणि हाताखाली एक अख्खी शिफ्ट होती. आता हाताखाली मी. आल्या आल्या त्यांनी माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग फ्रीजमधल्या भाज्यांना 'आधी आलेली आधी जाणार' असा नियम लावला (त्यामुळे आम्ही सलग दोडका खाल्ला). तेवढ्यानं भागेना म्हणून माझ्या स्कूलच्या गाळ्यात खुर्ची टाकून बसायला लागले, आणि माझं लंगडणं बघून म्हणाले, ह्या धंद्यानं तुझा गुडघा खाल्ला, विकून टाक, आपण जरा फिरायला जाऊ. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. इतकी वर्षं डाव्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुकीवर आपण ब्रेक दाबायचा, हे काम गुडघ्याला मानवत नाही. मनाला मात्र मानवतं, ते वेगळं.

गिऱ्हाईकही चालत आलं. सांगलीचे दत्तप्रसाद म्हणून आहेत, त्यांच्या चार गावांत ड्रायव्हिंग स्कुलं आहेत. त्यांच्याकडे यंत्र असतं म्हणे, खोलीत बसायचं आणि समोरच्या पडद्यावर गाडी चालवायची. माणसाला धडकलं तर पडदा नुसता लाल होतो, शिव्या बसत नाहीत. त्यांनी विचारलं, ताई, आकडा सांगा. मी म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, छे छे, तुम्ही सांगा. अशी अर्धी सकाळ गेली आणि चहा तीनदा झाला. अगं, तू म्हैस विकतेस तेव्हा कसं सरळ असतं, गिऱ्हाईक येतं, कास बघतं, दात बघतं, दोन वेळचं दूध काढून बघतं. ड्रायव्हिंग स्कूलची कास कुठं असते? शेजारच्या क्लिनिकमधले डॉक्टर म्हणाले, गाळा भाड्याचा, गाड्या दोन आणि त्याही थकलेल्या, म्हणजे भंगारात काय येईल ते. समोरची शिवणक्लासवाली म्हणाली, बाई, तुमच्या नावाचे कोटी घ्या कोटी. शेवटी विजयसिंहांनी ठरवलं की हे काम शास्त्रानं करायचं, आणि पुण्याहून माणूस बोलावला. कंपन्यांची किंमत काढणं हाच त्याचा धंदा.

उन्मेष त्याचं नाव. तुझ्या अदितीच्या वयाचा, चष्मेवाला, बोलायला इतका मऊ की त्याच्यावर रागवावं तर आपल्यालाच लाज वाटावी. गाळ्यात लॅपटॉप उघडून त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम, उद्या तुम्ही आलाच नाहीत तर? मी म्हटलं, मी कुठं जाते? तो म्हणाला, समजा. मी म्हटलं, समजायचं काय त्यात, आले नाही तर तो रविवार असेल. ह्यावर त्यानं काहीतरी टाइप केलं. मग विचारलं, एकदा आलेलं गिऱ्हाईक परत किती वेळा येतं? आक्का, आता तूच सांग. माझ्याकडे शिकलेली बाई परत शिकायला आली, तर मी तोंड कुठं लपवू? हे मी त्याला तावातावानं समजावलं. त्यानं तेही टाइप केलं, आणि मला उगाच वाटलं की मी परीक्षेत चांगलं लिहिलंय.

मग त्याला हवं होतं गुडविल. म्हणजे गावात जी पत असते ती, पण ती त्याला डोळ्यांनी बघायची होती. म्हटलं, चल बाबा दाखवते, आणि त्याला गाडीत घालून निघाले. सायबर चौकात यायला आणि समोरून कॉलेजवाली ऋता यायला एकच गाठ. माझ्याकडे शिकलेली, तिनं मला बघितलं आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत धरून कच्चकन थांबली. डावीकडून बँकेतल्या एक बाई आल्या, त्याही माझ्याच, त्याही थांबल्या. उजवीकडून मोठ्या गाडीत एक डॉक्टरीण. तिला तर मी रिव्हर्स शिकवताना रडवलं होतं. ती थांबलीच, वर तिनं चारही इंडिकेटर लावले. मी सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवते, आधी समोरच्याला जाऊ द्यायचं. त्यामुळे चौघी एकमेकींना हातानं "तू जा, तू जा" करत बसलो आणि मागं रांग पार वळणापर्यंत गेली. रिक्षावाल्यांनी हॉर्न लावून धरले. शेवटी ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी फुंकत आला, काच खाली करायला लावली, मला बघितलं आणि शिट्टी खिशात घालून म्हणाला, "मॅडम व्हय! आमची मंडळी तुमच्याकडंच शिकली की." मी उन्मेषकडे असं बघितलं की घे आता टाइप करून. तो बिचारा खिडकीतून ती रांग बघत हळूच म्हणाला, "मॅडम, हे सगळे तुम्हाला ओळखतात. स्कूलला कोण ओळखतं?"

मला त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. त्यानं काढलेली किंमत म्हणजे दोन गाड्या, गाळ्याचं डिपॉझिट आणि भिंतीवरचा रस्त्याच्या खुणांचा तक्ता. पुढं गुडविल, आणि त्याच्यासमोर शून्य. सगळी पत मॅडमच्या अंगाला चिकटलेली आहे, मॅडम उठल्या की ती त्यांच्यासोबत उठून जाते, ती विकता येत नाही, असं त्यानं फार अदबीनं समजावलं. आक्का, मी हसून "बरोबर आहे तुमचं" म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. इतक्या बायकांचे हात थरथरायचे थांबवले गं मी. आणि समोर शून्य.

गंमत म्हणजे मला विक म्हणणारे विजयसिंह माझ्यापेक्षा जास्त चिडले. "शून्य? उद्या तू घरात बस. मी शिकवतो. स्कूल तुझ्याबिगर चालतंय का न्हाय ते ह्या पोराला दाखवू," म्हणाले. मी नको नको म्हणत होते. पण मनात कुठंतरी वाटलं की चालेल, आणि लगेच वाटलं की चालू नये. (असलं काही तुला कधी होतं का?)

सकाळची पहिली बॅच तानाबाईंची होती. ह्या कागलकडच्या, दहा-बारा म्हशी, दुधाच्या पैशातून गाडी घेतली. मुलगा ती गाडी घेऊन मित्रांना फिरवतो आणि आईला डेअरीला सोडा म्हटलं की पेट्रोल नाही म्हणतो. म्हणून तानाबाईंनीच शिकायचं मनावर घेतलं. हात भारी आहे त्यांचा, फक्त गिअर बदलताना खाली बघतात. तर तानाबाई स्टिअरिंगवर, माझ्या जागी विजयसिंह, मागच्या सीटवर लॅपटॉप छातीशी धरून उन्मेष, अशी वरात विद्यापीठाच्या मागच्या रस्त्याला लागली. पुढचं मला तिघांनी तीन प्रकारे सांगितलं, त्यातलं जुळतं ते लिहिते. विजयसिंहांना आयुष्यभर मशिनच्या आवाजावर बोलायची सवय. त्यांच्या पायाखालीही ब्रेक आहे, तो ते क्षणाक्षणाला दाबत होते आणि वर "गाडी का थांबली?" म्हणून ओरडत होते. तानाबाईंनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मग रस्त्याच्या बरोबर मध्ये गाडी बंद केली, किल्ली काढली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पावणं, गाडी मी चालवायला लागलोय का तुम्ही? तुमचं एकदा ठरू दे, मग मी येतो." आणि किल्ली घेऊन, समोरून आलेल्या सिटी बसला हात करून, चढून गेल्या.

मी घरी भाजी निवडत होते, तर तानाबाई दारात. किल्ली माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "बाई, तुमचा मालक लई वरडतोय. मी म्हस न्हाय. आनि म्हशीवरबी मी वरडत न्हाय." मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून शांतपणे प्याला. मग आम्ही दोघी मोपेडवर निघालो. तिथं गाडी रस्त्यात आडवी, स्टिअरिंग लॉक, मागून विजयसिंह ढकलतायत, आणि उन्मेष स्टिअरिंगवर बसून घामानं भिजलेला. किल्ली लावून लॉक काढलं आणि त्याला म्हटलं, अरे, आता नुसतं सरळ धर. तर तो म्हणाला, मॅडम, मला गाडी येत नाही. लहानपणी वडिलांनी एकदा शिकवायला घेतलं होतं, ते फार ओरडले, त्यानंतर बसलोच नाही. विजयसिंह ढकलायचे थांबले आणि रुमाल काढून मागची काच पुसायला लागले.

मी तानाबाईंना परत स्टिअरिंगवर बसवलं, माझ्या जागी मी बसले, आणि त्यांनी गाडी नीट राजारामपुरीत आणली. वाटेत कुणी ओरडलं नाही. म्हणजे माझ्याशिवाय स्कूल चालत नाही हे सिद्ध झालं. अशी शाबासकी कुणाला मिळाली नसेल, जिच्यापायी आपल्याच धंद्याची किंमत पडते.

उन्मेष आणखी थोडे दिवस राहिला (सकाळी मी त्याला मैदानावर नेत होते, ते कामात धरत नाही). शेवटी त्याच्याच डोक्यातून वाट निघाली. त्यानं दत्तप्रसादांना एकच प्रश्न विचारला. ह्या मॅडमनी स्कूल तुम्हाला विकलं आणि समोरच्या गल्लीत दुसरं काढलं तर? दत्तप्रसादांचा चहाचा कप हवेतच राहिला. मग बोलणी दुपारपर्यंत चालली आणि ठरलं असं. मी सहा महिने राहून ऋताला आणि अजून एकीला शिकवणारी म्हणून तयार करायचं, आणि त्यानंतर पाच वर्षं कुणालाही गाडी शिकवायची नाही. त्याचे पैसे वेगळे. आणि आक्का, ते पैसे दोन्ही गाड्या, डिपॉझिट आणि तक्ता, ह्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त! इतकी वर्षं शिकवलं त्याचं शून्य, आणि न शिकवण्याची ही एवढी किंमत. मी आयुष्यभर उगाच राबले, नुसती गप्प बसून धमकी दिली असती तरी भागलं असतं.

सोमवारी सह्या झाल्या. सही करताना मी बायकांना सांगते तसं स्वतःला सांगितलं, श्वास सोड, खांदे खाली. बोर्डसुद्धा त्यांना गेला, 'वर्षाराणी लेडीज ड्रायव्हिंग स्कूल', म्हणजे नावासकट. माझ्या नावाची मीच आता मालकीण नाही. विजयसिंहांनी येताना बासुंदी आणली, आणि रात्री जेवताना भाजीचं कौतुक केलं, आवाज न चढवता. आता निवांत आहे. सहा महिने गेले की गुडघ्याला शेक, पायाखाली उशी आणि नुसतं बसायचं. गाडीचं नावही काढणार नाही. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
वर्षाराणी

ता.क. : करारात लिहिलंय की पाच वर्षं कोल्हापूर शहर, करवीर आणि कागल तालुक्यात शिकवायचं नाही. मी उन्मेषला सहज विचारलं, गगनबावडा ह्यात येतो का रे? तो हसला नाही. त्यानं मोबाइलवर नकाशा काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "नाही येत, मॅडम." तेव्हा तुमच्या घरामागं जी पत्र्याची शेड आहे, तिच्यातलं गवत दुसरीकडं हलवलंस तर एक गाडी आत मावेल का, तेवढं दाजींकडून मोजून घेऊन कळव. लांबी हातानं मोजू नका, टेप लावा.

ता.क. दुसरा : माझं नाव विकल्यामुळे बोर्डावर लावता येत नाही. तुझं लावते. 'आक्का मोटार ड्रायव्हिंग स्कूल' वाचायलाही भारदस्त वाटतं, आणि तुझ्या धाकानं फी वेळेवर येईल. विजयसिंहांना ह्यातलं सगळं माहीत आहे, ते टेबलावर बसायला तयार आहेत, गाडीत नाही.

ता.क. तिसरा : पहिली विद्यार्थिनी म्हणून तुलाच धरलं आहे. तुझं वय काढू नकोस, तानाबाई तुझ्याहून मोठ्या आहेत आणि परवा स्वतःच्या गाडीतून दूध घालून आल्या. चप्पल तेवढी मागं पट्ट्याची घे, ब्रेकवरून सटकत नाही.