खडकाच्या छताखालचा मासा

शुक्रवार, १४ जून

चि. धाकट्यास,

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, बोलते मात्र कमी. मत्स्यालयाचा प्रमुख झाल्यापासून तुझं घरी येणं थांबलं आणि ऑफिसात तुझ्या टेबलापुढे उभं राहून मला बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तो बास जातीचा मासा गेला. तुला माहीत आहे, तरी लिहिते. आपल्या पाणबुड्याने त्याला समुद्रातल्या खोल कड्यावरून थांबत थांबत वर आणला होता. घाई केली की पोटातली हवा फुगून मासा मरतो. गुलाबी अंग, त्यावर पिवळे पट्टे. एवढा नटलेला आणि राहतो कुठे, तर रंग दिसायला उजेडही पुरत नाही अशा जागी. तिथे कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो. मी टाकीत तसंच दगडी छत बांधलं, पाणी गार ठेवलं, दिवे मंद. छान खायला लागला होता.

टाकीच्या उद्घाटनाला पाहुणे म्हणाले, "उलटा झालाय, मेला वाटतं." तू ओशाळं हसलास आणि दुसऱ्या दिवशी छत काढायला लावलंस, वर झगझगीत दिवे. मी म्हटलं, "अरे, तो असाच असतो. मी सांगितलं होतं तुला."

"ताई, लोक तिकीट काढून अंधार बघायला येत नाहीत."

बिचारा छत शोधत फिरला. शेवटी पाण्याच्या पृष्ठभागालाच पोट टेकवायला बघत होता.

इथवर मी गिळलं असतं. पण मासा कशाने मेला याच्या चौकशी समितीला तू सांगितलंस की पाणी गार करणारं मशीन ताईने बंद ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आई म्हणाली, "तू मोठी आहेस, पोटात घाल. त्याची खुर्ची जाईल." माझी नोकरी जाईल हे तिला सुचलंच नाही. त्याचा राग मला तुझ्या खोट्यापेक्षाही जास्त आला.

काल समितीपुढे मी खरं ते सांगितलं. पाणबुड्यानेही सांगितलं. तुला आज परत बोलावतील.

तेव्हापासून आई माझ्या हातचं पाणीही घेत नाही. उद्या तुझ्याकडे राहायला येते आहे, कायमची. बॅग मीच भरली. गोळ्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. रात्रीची गोळी ती चुकवते, समोर बसून दे.

तुझं भलं होवो, असं आज माझ्याच्याने लिहवत नाही.

सख्खी आहे, तेवढीच तुझी,
ताई