मिठाच्या खोलीची भिंत

बाबा, वरसाव्याच्या आपल्या घरात अखेर आतच संडास-बाथरूम केलं. तुम्हाला ते रुचलं नसतं, म्हणून तुम्ही गेल्यावरही इतकी वर्षं टाळत आलो. पण परसातल्या संडासाकडे जाताना आई दोनदा पडली, गुडघे तर कधीचेच गेलेत. कौलं तीच ठेवली, दारांना तेल पाजलं, स्वयंपाकघरात उभा ओटा आणला. बाथरूमला मात्र मागची मिठाची खोली सोडून जागाच नव्हती.

मिठागरावरून आणलेलं मीठ तिथे छातीएवढं रचलेलं असायचं. मी एकदा चपलेसकट आत शिरलो, तर तुम्ही दंडाला धरून बाहेर काढलंत. "लक्ष्मी हाय ती. पाय धुवून ये!" धुवून आलो, तर ओंजळभर मीठ माझ्या हातात देऊन म्हणालात, "जा, आयेला दे. पयल्या राशीचं हाय." केवढा मोठा झाल्यासारखं वाटलं होतं! आणि आता त्याच खोलीत संडास. आईला चाचरत विचारलं, तर ती फाडकन म्हणाली, "त्यांची लक्ष्मी आत आन् मी पावसापान्यात भायेर. लय झालं. बांध तू."

बांधायला घेतलं, तर माजघराकडच्या भिंतीवरच्या फरशा दोनदा गळून पडल्या. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "सेठ, इस दीवार में नमक ही नमक है. तोड़ के नई बनाते हैं."

"नहीं भाई, छप्पर इसी पे है," मी म्हटलं. मालकच सांगतोय म्हटल्यावर त्याने जुन्या भिंतीपुढे चार बोटं सोडून दुसरी भिंत उभी केली. बाथरूम तेवढं अरुंद झालं. काठी घेऊन वळताना आईचा खांदा घासतो. "अरुंद हाय, पन चालंल," एवढंच म्हणते. माजघराच्या बाजूने जुनी भिंत अजून तशीच आहे. सकाळी तिच्यावर पांढरी भुकटी फुटलेली असते. मी, पन्नाशी उलटलेला माणूस, कुणी बघत नाही ना ते पाहून बोटाने चाखतो. मिठागरं गेली, तुमचा धड फोटोही नाही. तुमच्या हातचं एवढंच उरलंय. फार आठवण येते, बाबा.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. छप्पर खांबांवर आहे. त्या भिंतीवर काहीच नाही.