पाचावर आलेला आवाज

४ मार्च २०२४, सोमवार

टेपची स्पूल आली. शाळेतली दीप्ती स्वतः मालाडला घेऊन आली, चपलांच्या खोक्यात. एका बाजूने बुरशी. अंधेरीच्या आमच्या कॉन्व्हेंटचा १९७४चा कोरस — येशूच्या मरणाचं जुनं जर्मन बरोक संगीत, चॅपलमध्ये, गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी गायलेलं. तो बसवणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या सिस्टर बेनेडिक्टा या महिन्याअखेरीस ब्याण्णव वर्षांच्या होतील. त्यांना ऐकवायचंय.

"तू एवढी वर्षं डबिंग स्टुडिओत काढलीस, तूच साफ कर ना!"

मला त्या कोरसमधून हाकललं होतं, हे ती सोयीने विसरली.

६ मार्च

टेप मऊ कापडाने पुसत पुसत चालवली. पंख्याची घरघर, कुणाचा खोकला, बाहेर कावळे. आणि आम्ही! पंधरा वर्षांच्या पोरी. जर्मन शब्द देवनागरीत लिहून पाठ केलेले. रडले थोडी.

८ मार्च

ती जागा आली.

येशू प्राण सोडतो. मग शांतता. सिस्टरचा नियम — मनात सात मोजायचे, आठव्यावर सगळ्यांनी एकदम. हाताने इशारा नाही. "मरणाला कोण ताल देतं, मुलींनो?" म्हणायच्या. त्या दिवशी पाचावरच एक आवाज आला. एकटा. सिस्टरनी सगळ्या चॅपलसमोर माझं नाव घेतलं — "क्षमा!" संपलं. पुन्हा कधी गायले नाही. घरी स्वयंपाक करतानाही नाही.

मी नव्हतेच! शेजारी रेवती होती, घाई तीच करायची. माझी जिवाभावाची. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. तिला तोंड उघडू दिलं नाही. "चोर आहेस तू," म्हटलं आणि निघाले. मुलुंडला असते आता. लग्नालासुद्धा बोलावलं नाही मी तिला.

पन्नास वर्षांनी पुरावा हातात आलाय.

११ मार्च

घरघर निघत नाही. जास्त काढावी तर गाणंही जातं. श्यामसुंदर पेपरातून डोकं वर न काढता — "अगं, त्या येशूला एकदाचं मरू दे ना! चार दिवस अडकलाय बिचारा."

नवऱ्याला विनोद सुचतात!

दीप्तीचा फोन. "तो चुकीचा आवाज कापून टाक गं. उगाच सिस्टरना त्रास."

सिस्टरना त्रास! माझं काय, मला सवय आहे.

१४ मार्च

घरघर गेली. आवाज स्वच्छ.

रेवतीचा नाही. माझा नाही. पोरीचाच नाही. पिकलेला, भरलेला, बाईचा आवाज. प्रॅक्टिसला आमच्याबरोबर गायच्या ना त्या — कसा विसरेन? मागोमाग माइकच्या अगदी जवळ कुजबूज, गोव्याच्या कोकणीत — "देवा, हांवें कितें केलें!" मी हे काय केलं.

आणि मग मोठ्याने, "क्षमा!"

माइक सिस्टरच्याच स्वरलिपीच्या स्टँडला बांधलेला होता.

१५ मार्च

ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. दीप्तीचे तीन फोन. घेतले नाहीत.

१७ मार्च, रविवार

मुलुंडला गेले. रेवतीने दार उघडलं, पाणी दिलं. हेडफोन पुढे केला, तो तिने कानाला न लावताच परत दिला.

"मला माहीत आहे गं. सिस्टरचे ओठ हलताना पाहिले मी. तेच सांगायला थांबले होते त्या दिवशी, फाटकाशी."