बातमीखालच्या दोन ओळी

सोजरा काकू,
जय भीम.

काका गेल्यावर पुण्यानुमोदनाला तुमी विचारलं, "त्यांनी तुला काहून कळवलं न्हाई?"

कळवलं होतं, काकू. कुरुंद्याहून पेपरला बातमी पाठवताना काका तिच्याखालीच मला घरचं लिहायचे; त्यांची बातमी पेपरात आधी माझ्याच हाती यायची. मग वार्ताहरकी सोडून मी पेपरसाठी बातम्या आपोआप नीट करणारं एआय बनवलं. बातमीबाहेरचं सगळं गाळायचं, हे मीच त्याला शिकवलं.

काल ते गाळलेलं उघडून पाहिलं. काका गेले त्या दिवशीच्या हळदीच्या भावाच्या बातमीखाली दोन ओळी होत्या: "रत्नपाल, छाती दुखून राहिली. हिंगोलीहून गाडी घेऊन ये. काकूला सांगू नको."

हळदीची बातमी बराबर छापून आली.

हे पत्र तुमाला पाठवणार न्हाई. काकांचं तेवढं एकच ऐकून राहिलो.

तुमचा,
रत्नपाल