चपलांची राखण

अहो,

सप्रेम नमस्कार. मी सुखरूप आहे. मुलगा आणि सून हातात ताट आणून देतात, तेव्हा माझी काळजी नको.

काल मुलाने माझ्या एकटीसाठी अख्खी गाडी ठरवली. दिवसभर समुद्रकाठची देवळं बघायची आणि शेवटच्या देवळापाशी, सूर्य मावळताना वाळूत इथल्या बायकांचा नाच बघायचा. ड्रायव्हर भला माणूस, पण गाडी थांबली की लगेच घोरायला लागायचा.

पहिल्या पायरीशी मी सवयीने म्हणाले, "तुम्ही आधी जाऊन या, मी चपला बघते." शेजारी कोणीच नव्हतं. आपण आयुष्यभर पाळीपाळीने देव पाहिला, नाही का? मग नव्या चपला पिशवीत घातल्या. दिवसभर त्यांनाही दर्शन घडलं.

संध्याकाळी एका नाचणारीने मला हात धरून ओढलं. वरातीत तुम्ही नाचलात की तोंड फिरवणारी मी, पिशवी वाळूत टाकून घामाघूम होईपर्यंत नाचले. हसू नका. परत येते तर भरतीच्या पाण्याने पिशवी नेलेली.

देवाच्या दारी चपला गेल्या की पीडा जाते म्हणतात. मी तुमच्या गुडघ्याची पीडा त्यांच्याबरोबर पाठवून दिली. ऑपरेशनची तारीख मिळाली का? रात्री झोप लागते ना? खरं सांगा.

गुडघा बरा झाला की दोघं इथे येऊ आणि एकदमच आत जाऊ. चपला गेल्या तर गेल्या.

तुमचीच,
सध्या सुनेच्या चपलांत